ब्रेक लावताच गाडी थांबत नाही

‘दरड दिसताच चालकाने ब्रेक लावला असता, तर गाडी जागीच थांबली असती,’ असा संदेश कोकण रेल्वेच्या गाड्यांबद्दल पावसाळ्यात फिरतो. वस्तुतः पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड मुळातच कमी असते आणि पावसाने ती आणखी घटते. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदाला अर्ध्या मीटरने मंदावते असे धरले, तरी थांबेपर्यंत ती पाऊण किलोमीटरहून अधिक पुढे जाते. वेगाच्या वर्गाला मंदावण्याच्या दराच्या दुपटीने भागून हा हिशोब कोणालाही पडताळता येईल. डोंगर कापून काढलेल्या वळणावर एवढा मार्ग दिसतच नाही, त्यामुळे चालकाला दोष देणे अन्यायाचे आहे. ताशी ४० वेगाला हेच अंतर सव्वाशे मीटरवर येते, म्हणूनच मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की येथे वेग ४० पर्यंत उतरवतात.