सूक्ष्मशैवाल संवर्धनातील आदिजीवांचा प्रादुर्भाव

जैवइंधनासाठी वाढवलेल्या सूक्ष्मशैवालात अमीबा, पक्ष्माभिकाधारी (बारीक केसांनी पोहणारे) आणि कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) असे एकपेशीय आदिजीव शिरून पीक फस्त करतात, त्याला आदिजीवांचा प्रादुर्भाव म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत ही शैवालावरची कीडच. पण ती पान कुरतडत बसत नाही, अख्खी पेशी गिळते.

शैवालाच्या पेशीतील तेलापासून बायोडिझेल होते. ते परवडायचे तर पीक उघड्यावर घ्यावे लागते. त्यासाठी १५ ते ३० सेंमी. खोलीची, शर्यतीच्या मैदानासारखी लांबट वळणाची तळी बांधून पात्यांच्या चाकाने पाणी फिरते ठेवतात. उघडे पाणी म्हटले की वाऱ्याबरोबर धूळ आली, आणि धुळीत आदिजीवांच्या पुटी. पुटी म्हणजे कवचात निजलेला जीव. कोरड्यातही तो तग धरतो, पाणी लागले की जागा होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या १९७८ ते १९९६ या काळातील शैवाल-इंधन कार्यक्रमातही प्रयोगशाळेत निवडलेल्या जाती उघड्या तळ्यात टिकवणे कठीण गेले.

क्लोरेला या सूक्ष्मशैवालाची पेशी २ ते १० मायक्रोमीटरची. बाधित तळ्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तिच्या कितीतरी पट मोठा पक्ष्माभिकाधारी गिरक्या घेत जाताना दिसतो. त्याच्या पारदर्शक अंगात हिरवे मणी भरलेले असतात. त्या गिळलेल्या पेशी. पचत आलेले मणी तपकिरी पडतात. अनुकूल पाण्यात हा जीव काही तासांत दुप्पट होतो, शैवालाला मात्र बहुधा दिवसभर लागतो. म्हणून तळ्याचा रंग उतरलेला डोळ्यांना दिसेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. पोटेरिओओक्रोमोनास हा कशाभिकाधारी तर अधिकच चिवट: तो क्लोरेला खातो आणि उन्हावर स्वतःचे अन्नही बनवतो, त्यामुळे उपाशी ठेवून मरत नाही.

उपाय आहेत, पण प्रत्येकाला किंमत आहे. कार्बन डाय-ऑक्साइड सोडून सामू (पीएच) थोडा वेळ खाली आणणे, अमोनियाची मात्रा देणे, पाणी गाळून घेणे, क्विनाइन वापरणे हे रूढ मार्ग. बंद नळ्यांच्या संयंत्रात धोका कमी, खर्च मात्र इंधनाच्या भावाला न पेलणारा. सर्वांत खात्रीचा उपाय रोज थेंब तपासणे हाच, आणि तोच सर्वांत कंटाळवाणा.

गोव्याच्या दमट हवेत आणि वर्षाला सुमारे ३००० मिमी. पावसात उघडे तळे निर्जंतुक राखण्याची आशा धरू नये. इथली खरी जमेची बाजू मिठागरे. मांडवीकाठी रायबंदरला किंवा पेडण्यातील आगरवाड्याला भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात आणि एकेका कप्प्यात उन्हाने दाट करत नेतात. अशा खाऱ्या पाण्यात ड्युनॅलिएला हे शैवाल वाढू शकते, तर बहुतेक भक्षक तग धरत नाहीत. बहुतेक म्हणायचे, कारण फॅब्रिया सॅलिना हा पक्ष्माभिकाधारी खाऱ्यातही ड्युनॅलिएलावर जगतो. शिवाय ही ढाल हंगामी आहे. जूनच्या पावसाने क्षारता उतरते आणि मचूळ पाण्यातले भक्षक परततात. गोव्यात उघड्यावर शैवाल घ्यायचेच तर मीठगावड्यांचे, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांचे, वेळापत्रक पाळावे: जानेवारीत पाणी धरावे आणि मे सरण्याआधी पीक काढून कप्पे मोकळे करावेत.