मिसरी (सातारा-सांगली भाग)

मिसरी म्हणजे काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. ती बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर घासतात. मशेरी आणि मिश्री ही तिचीच दुसरी नावे. महाराष्ट्र आणि गोव्यात तिचा वापर जुना आहे. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा दुष्काळी पट्टा असो की कृष्णाकाठची बागायती गावे, मिसरीची डबी दोन्हीकडे सापडते आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईची असते. पुरुषांमध्ये चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, गुटखा यांचे चलन जास्त.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मिसरीचा प्रश्न इतर तंबाखूपेक्षा वेगळा आहे, कारण ती लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. तिच्या लेखी ते दात घासणे असते. पान-तंबाखू खाणाऱ्या बाईला गाव नावे ठेवते, मिसरी लावणारीला कोणी काही बोलत नाही. आईची डबी मुलीकडे येते, सासूची सुनेकडे. त्यामुळे दवाखान्यात ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही हो, काही नाही’ असे सरळ उत्तर मिळते, तेच केसपेपरवर लिहिले जाते आणि रोगाचे एक मोठे कारण नोंदीबाहेर राहते. या उत्तरात लपवाछपवी नसते. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? तोंडात किती वेळ ठेवता?’ असे विचारले की तीच बाई मोकळेपणाने सगळे सांगते.

मिसरी करण्याची रीत घराघरांत सारखीच आहे. तंबाखूची पाने किंवा चुरा लोखंडी तव्यावर, पत्र्यावर नाहीतर खापरावर मंद आचेवर भाजतात आणि सारखे हलवत राहतात. पाने आधी तपकिरी आणि मग काळी-कुरकुरीत होतात. राख होण्याच्या आत तवा उतरवावा लागतो. या वेळी उठणारा धूर इतका उग्र असतो की घरातल्यांना ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते. पाळण्यातले मूल घरात असेल तर त्याच्याही छातीत हा धूर जातो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. निवल्यावर पाने हाताने चुरतात किंवा वाटून घेतात. आता बाजारात तयार पुड्याही मिळतात, पण घरी भाजलेलीच ‘लागते’ असे म्हणणाऱ्या बायका कमी नाहीत. कच्च्या मालाची कमतरता कधीच नव्हती. निपाणीचा तंबाखूपट्टा इथून जवळ आहे.

सकाळी चूल पेटवण्याआधी किंवा परसाकडे जाण्याआधी पहिली मिसरी लागते. चिमूटभर पूड डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने पुढच्या दातांवर आणि हिरड्यांवर फिरवायची आणि दारात किंवा अंगणात टेकून थुंकत बसायचे. नुसते दात घासायचे तर दोन मिनिटे पुरतात. मिसरी तोंडात पंधरा-वीस मिनिटेही राहते. मग दुपारच्या जेवणानंतर, शेतात भांगलण करताना आणि रात्री निजायच्या आधी पुन्हा तलफ येते. सुरुवात बहुधा दाढदुखीने होते. दाढ ठणकायला लागली की शेजारीण ‘जरा मिसरी लाव, बरं वाटंल’ म्हणते. निकोटिनने थोडा वेळ बधिरपणा येतो, दुखणे दबते आणि किडलेला दात तसाच राहतो. ‘मिसरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही’ हे दुसरे नेहमीचे कारण. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते, म्हणून हा अनुभव खोटा नाही. पण काही महिन्यांनी शरीराला त्याचीच सवय लागते आणि मिसरी नसेल तर खरोखरच बद्धकोष्ठ होतो. तिसरे कारण क्वचितच बोलले जाते. उपाशीपोटी कामाला जाणाऱ्या बाईची भूक मिसरीने मरते.

तंबाखूत मुळातच नायट्रोसअमाइन गटातली कर्करोगकारक द्रव्ये असतात. मिसरीत भाजण्यामुळे आणखी भर पडते. पाने जळताना बेंझोपायरीनसारखी द्रव्ये तयार होतात, म्हणजे धुरातून फुप्फुसांत जाणारे विष इथे पुडीतून हिरडीवर चोळले जाते. तोंडाच्या अस्तरातून निकोटिन सिगारेटपेक्षा सावकाश रक्तात जाते, पण जास्त वेळ टिकते. त्याने नाडी जलद होते आणि रक्तदाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड या तीन ठिकाणच्या कर्करोगांशी तिचा संबंध सिद्ध मानला जातो.

तोंडातले पहिले बदल मात्र साधे दिसतात. रोज पूड चोळून हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, गार पाण्याने शिणक येते. दात काळे पडून झिजतात. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, नेमकी जिथे पूड साठते तिथे, कातडी जाड आणि सुरकुतलेली होते. तिथे पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला तर तो कर्करोगाआधीची अवस्था असू शकतो. लाल चट्टा जास्त धोक्याचा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात किंवा मानेत लागणारी गाठ, कारण नसताना हलणारा दात, यांपैकी काहीही आढळले तर त्याच आठवड्यात तपासणी हवी. तोंड उघडेनासे होणे हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो. तो गुटखा आणि मावा खाणाऱ्यांत जास्त दिसतो, नुसती मिसरी लावणाऱ्या बाईत तो नसला म्हणून ती सुखरूप आहे असे समजू नये.

या विषयावरच्या संशोधनाची मुळे महाराष्ट्रातल्या खेड्यांत आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले कर्करोगपूर्व बदल यांची एवढ्या मोठ्या ग्रामीण लोकसंख्येतली पाहणी तोवर दुर्मीळ होती. त्यानंतर केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून सांगण्याचा दीर्घ प्रयोग झाला. त्याच्या १९८६ मधल्या अहवालाने दाखवले की समुपदेशनाने लोक तंबाखू सोडतात आणि नव्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटते. साताऱ्या-सांगलीला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. माणदेशासारख्याच कोरडवाहू गावांतल्या बायकांचे आजार नोंदवण्याची शिस्त तिने घालून दिली.

गरोदरपणातला धोका स्पष्ट झाला तो मुंबईतल्या अभ्यासातून. १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भावधी सुमारे ६ दिवसांनी कमी झाला. या मातांमध्ये मिसरी लावणाऱ्या मोठ्या संख्येने होत्या. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. ज्या मातेचे स्वतःचे वजनच चाळीस-बेचाळीस किलो आहे आणि रक्त कमी आहे, तिचे बाळ आधीच २,५०० ग्रॅमच्या उंबरठ्यावर असते. तेवढ्या फरकाने ते कमी वजनाच्या यादीत जाते. पुढच्या विश्लेषणांत मृत बाळ जन्मण्याचा आणि मातेच्या रक्तक्षयाचाही संबंध दिसला. आपल्याकडे गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या नेमाने देतात, पण त्या देताना मिसरीबद्दल कोणी विचारतेच असे नाही.

मिसरीचा एकटीचा वाटा वेगळा काढणे संशोधकाला अवघड जाते. अनेक अभ्यास सगळ्या धूरविरहित तंबाखूला एकाच रकान्यात बसवतात. काही बायका मिसरीबरोबर पानही खातात. मात्रा मोजायची तर चिमूट प्रत्येकीची वेगळी, भाजणी वेगळी, तोंडात ठेवण्याची वेळ वेगळी. म्हणून चांगला अभ्यास दिवसातल्या वेळा, मिनिटे आणि सवयीची वर्षे अशी तिन्ही अंगे विचारतो. गरज पडल्यास लाळेतले किंवा लघवीतले कोटिनिन तपासतो. हे निकोटिनपासून शरीरात बनते आणि शेवटच्या वापरानंतर काही दिवस सापडते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मिसरीचे नाव घेऊन प्रश्न विचारला जातो, ही त्याची जमेची बाजू. २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडातल्या तंबाखूचा आहे, तरी भिंतीवरच्या चित्रांत अजून सिगारेटच काढली जाते.

गावपातळीवर तपासणीची साखळी आशाताईंपासून सुरू होते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली, त्या भरतात. त्यात तंबाखूसाठी शून्य, एक किंवा दोन गुण असतात आणि एकूण गुण चारच्या वर गेले तर त्या व्यक्तीला आधी तपासणीला पाठवायचे असते. छापील प्रश्नात मात्र धूम्रपान आणि गुटखा-खैनीसारखे पदार्थ एवढाच उल्लेख आहे. अनुभवी आशाताई तिथे स्वतःहून ‘आणि मिसरी?’ जोडतात. एवढ्या एका शब्दाने शून्याचे दोन होतात. फॉर्ममध्येच तो शब्द छापणे हा या भागासाठी सर्वांत स्वस्त उपाय ठरेल.

उपकेंद्रातल्या तपासणीला लागते काय, तर बॅटरी, हातमोजे आणि लाकडी पट्टी. ओठ उलटून बघायचा, गालांची आतली बाजू, जीभ उचलून तिच्याखालचा भाग, टाळू, मग मान चाचपायची. केरळात १९९६ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी अशीच डोळ्यांनी तपासणी केली. २००५ मधल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. संशयित चट्ट्याची तुकडा तपासणी (बायोप्सी) मात्र मोठ्या रुग्णालयातच होते. त्यासाठी या भागातली वाट बहुतेक वेळा मिरज किंवा कराडकडे जाते. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत मिशन रुग्णालय उभारले, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण तिथे येत आले आहेत. १९६२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वतंत्र कर्करोग रुग्णालयही आहे. कराडचे कृष्णा रुग्णालय सातारा जिल्ह्याच्या बऱ्याच भागाला जवळ पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो यांचा खर्च बसतो. तरी जतच्या टोकाच्या गावातल्या बाईला मिरजेला जायचे तर एक दिवसाची मजुरी, सोबतीला माणूस आणि गुरांची सोय हे तीन प्रश्न सोडवावे लागतात. ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ ही भीती चौथी. ती भीती खोटी आहे, पण ती काढायला वेळ देऊन बोलावे लागते, आणि ते बोलणे ओळखीच्या बाईकडून झाले तरच पटते.

मिसरी सोडवताना आधी दात बघावा लागतो. किडलेली दाढ काढली किंवा भरली नाही तर ठणका परत येतो आणि ठणक्याबरोबर मिसरीही येते. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे आणि पोट साफ न होणे हे त्रास होतात. ते दोन-तीन आठवड्यांत ओसरतात हे आधी सांगितले तर बाई घाबरत नाही. भरपूर पाणी, भाकरीबरोबर पालेभाजी आणि सकाळी कोमट पाणी यांनी पोटाची तक्रार बरीच सुसह्य होते. तलफ आली की चूळ भरावी, बडीशेप चघळावी, हाताला काम द्यावे. तलफेचा जोर काही मिनिटांत ओसरतो. जुन्या सवयीत डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम वापरता येते, पण गरोदर बाईसाठी समुपदेशनच पहिला उपाय. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. एकटीने सोडण्यापेक्षा सासू-सुनेने मिळून सोडणे सोपे जाते, कारण घरात तवाच चढत नाही. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की जिने सोडली आहे तिचे ऐकायला बाकीच्या सरसावून बसतात.

कायद्यात एक फट आहे. तंबाखू असलेली दंतमंजने आणि टूथपेस्ट बनवण्यावर आणि विकण्यावर १९९२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाही बंद केला. पण साधी तंबाखू विकत घेऊन घरच्या तव्यावर भाजणे कुठल्याच बंदीत येत नाही आणि तिथे पोलीस पाठवून उपयोगही नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना विक्री करता येत नाही. मिसरीची पहिली चिमूट मात्र मुलीला दुकानातून मिळत नाही, ती घरातूनच मिळते.

सगळ्यात निसटता गट ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचा. माण, जत, आटपाडीतून कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बीड आणि अहिल्यानगरहून आलेल्या टोळ्याही याच काळात कृष्णा-कोयनेच्या काठी उतरतात. पहाटे अंधारात फडात जायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, जेवायला दुपार व्हायची, अशा दिनक्रमात मिसरी वाढते. गावातल्या आशाताईंच्या यादीत या बायका ‘स्थलांतरित’ म्हणून राहतात आणि फडाजवळच्या उपकेंद्राच्या यादीत त्या नसतातच. ऑक्टोबरात पांढरा चट्टा दिसलेली बाई पुन्हा तपासणीला येते ती थेट एप्रिलमध्ये. हे सहा महिने वाचवायचे तर तपासणीचा कागद बाईबरोबर जायला हवा आणि हंगामात कारखान्याच्या तळावर, कोप्यांजवळ (मजुरांच्या झोपड्यांजवळ), संध्याकाळी दिवे लागल्यावर तोंड तपासणीचे शिबिर व्हायला हवे. दिवसा तिथे कोणीही भेटत नाही.