पार्श्वभूमी : लहान होडी दर्यात कधी घालायची?

गोव्यात पावसाळी मासेमारीबंदीचा वाद वर्षातून दोनदा वर येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलै संपताना. बातम्यांत तो ट्रॉलरमालक आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला तंटा म्हणून दिसतो. त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे. चार-सहा माणसांची होडी आज बाहेर काढावी की नाही, हे कोणी ठरवायचे आणि कशावरून? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. प्रत्येक बदलात मोठ्या जहाजांची आणि ट्रॉलरची सोय आधी पाहिली गेली. लहान होडीचा विचार सर्वांत शेवटी झाला.

फार जुन्या काळात कोणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. जूनमध्ये दर्या बंद होई. मांडवीच्या मुखावर आग्वादपाशी वाळूचा पट्टा चढे आणि सप्टेंबरपर्यंत पणजीचा मार्ग जहाजांना मिटलेला असे. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटणारी पोर्तुगीज गलबते सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला पोहोचत, ती याच हिशेबाने. खारवी, गाबीत आणि पागी या दर्यावर्दी समाजांत श्रावणातल्या पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच होड्या लोटण्याची रीत होती. बार्देशात 29 जूनला होड्यांची सांगड बांधून साजरा होणारा सण नदीत होतो, समुद्रात नाही, हेही त्याच ऋतूचे भान.

उरलेल्या आठ महिन्यांत निर्णय रोजचा असे आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तो पहाटे घेई. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरण्याआधी परतायचे, हा गोव्याच्या किनाऱ्याचा नेम. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा हटकून वाढतो. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दोन-अडीच वाजेपर्यंत फेसाळ होते. पांढरे तुरे सगळीकडे दिसू लागले म्हणजे वारा ताशी 20-25 किलोमीटरच्या घरात गेला. उलांडीच्या (तोलासाठी बाजूला लाकूड बांधलेल्या) होडीला परतीचा विचार करायला तेवढे पुरते.

तांडेलाच्या शहाणपणातला सर्वांत मोलाचा भाग नदीमुखाचा आहे आणि त्याची नोंद कुठल्याच नियमात धड झालेली नाही. शापोरा, मांडवी, साळ, तळपण या नद्यांच्या तोंडाशी वाळू साचते आणि दर पावसाळ्यात तिची जागा सरकते. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) दिवसांत गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) दिवसांत तो बराच कमी असतो. उधाणाची ओहोटी जोरात बाहेर धावते आणि समोरून येणारी लाट तिला भिडते. दोन्ही एकमेकांवर चढले की लाट आखूड होते, उभी राहते आणि वाळूवर फुटते. बाहेर खोल पाण्यात मीटरभर वाटणारी लाट तिथे होडी आडवी करू शकते. म्हणून जाणते लोक मुख ओलांडण्यासाठी भरतीच्या अखेरची किंवा पाणी स्थिरावल्याची वेळ धरतात आणि ओहोटी लागली असेल तर बाहेरच थांबून राहतात. आकाश निरभ्र असतानाही हा धोका तसाच असतो. किनाऱ्याच्या जवळ होणाऱ्या अनेक अपघातांचे मूळ वादळात नसते, ते इथे असते.

सरकारी इशाऱ्यांची सुरुवात झाली ती बंदरांसाठी. 1864 च्या चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त झाल्यावर पुढच्याच वर्षी तिथे वादळाचे संकेत दाखवण्याची पद्धत सुरू झाली. 1880 मध्ये ती पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार, कुमठा ही त्या वेळची बंदरे. वेंगुर्ला आणि कारवार यांच्या मधला जवळजवळ सगळा किनारा गोव्याचा, पण राज्य पोर्तुगीजांचे असल्याने ब्रिटिश यादीत त्याला जागा नव्हती. दिवसा काळे शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे अशी ती खूण. कोकणात तिला लोक आजही ‘बावटा’ म्हणतात. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बंदरातच वादळी वाऱ्याचा धोका आहे, असे समजायचे. हा संकेत नांगरलेल्या जहाजाच्या कप्तानासाठी होता. मोरजीच्या किंवा पाळोळेच्या किनाऱ्यावरून होडी लोटणाऱ्याला बंदराचा खांब दिसतही नव्हता.

1961 नंतर गोवा भारतीय हवामान यंत्रणेच्या कक्षेत आला आणि मच्छीमारांसाठीचा इशारा पणजी आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचू लागला. ही मोठी सोय होती. त्यातला मापदंड मात्र लहान होडीसाठी बेतलेला नव्हता आणि आजही नाही. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा साधारणपणे वारा ताशी 45 किलोमीटर किंवा त्याहून अधिक होण्याची शक्यता असते तेव्हा दिला जातो. पंधरा-वीस मीटरच्या ट्रॉलरला ती मर्यादा ठीक आहे. सात-आठ मीटरची होडी ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यातच संकटात येते. इशारा नाही म्हणजे दर्या सुरक्षित आहे, असा समज त्यातून रुजला आणि तो महागात पडत आला आहे.

याच काळात होडीही बदलली. साठच्या दशकापासून सरकारी मदतीने ट्रॉलर आले, सत्तरच्या दशकात रापणकारांचे (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचे) मोठे आंदोलन झाले आणि त्यातून 1980 चा गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा निघाला. किनाऱ्यालगतचा 5 किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचा प्रश्न तेव्हापासून आजवर धुमसतो आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल शांतपणे झाला, होड्यांना मागे टांगायची इंजिने लागली. वल्ह्यांच्या होडीतला माणूस किनारा दिसेल तिथपर्यंतच जाई आणि वाऱ्याची चाहूल लागताच अर्ध्या-पाऊण तासात परते. इंजिनामुळे तीच होडी पंधरा-वीस किलोमीटर बाहेर जाऊ लागली. लाकूड जाऊन फायबर आले तरी कठड्याची उंची तेवढीच राहिली. पहाटेच्या आकाशावरून पुढच्या दोन तासांचा अंदाज बांधता येतो, आठ तासांचा नाही.

आता बंदीकाळाकडे. गोव्यात सुरक्षिततेची चर्चा याच एका निर्णयाभोवती अडकून बसली आहे.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो, त्यापलीकडचा केंद्राच्या. केंद्राची पश्चिम किनाऱ्यासाठीची बंदी आधी 15 जून ते 31 जुलै अशी 47 दिवसांची होती. 2015 मध्ये ती 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची झाली आणि गोव्यातही तोच काळ लागू आहे. आदेशात कारणे दोन सांगितली जातात, माशांच्या प्रजननाचे रक्षण आणि समुद्रातली सुरक्षितता. दोन वेगळ्या गोष्टी एका तारखेला बांधल्या गेल्या आणि गोंधळ तिथून सुरू झाला.

गोव्याच्या अधिसूचनेत एक सवलत आहे. मत्स्यखात्याकडे नोंद असलेल्या, 10 अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन केवळ प्रवासासाठी वापरणाऱ्या आणि गिलनेट (पाण्यात पडद्यासारखे उभे सोडलेले जाळे) किंवा गळाने मासे पकडणाऱ्या होड्यांना बंदीतून वगळले जाते. मासळीच्या रक्षणाच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. ट्रॉलरच्या जाळ्यासारखे गिलनेट तळ खरवडत नाही आणि किनाऱ्यालगतच्या कुटुंबांना दोन महिने उपाशी ठेवणे कोणत्याही तर्काने योग्य ठरत नाही. पण सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर याचा परिणाम उलटा होतो. वर्षातल्या सर्वांत खवळलेल्या दोन महिन्यांत वीस मीटरचा ट्रॉलर मालीमच्या आणि वास्कोच्या धक्क्याला बांधलेला असतो आणि सात मीटरच्या होडीला कायदा वाट मोकळी ठेवतो.

ही मुभा आहे, सक्ती नाही, असे समर्थक सांगतात. बहुतेक होड्या पावसाळ्यात नदीतच राहतात आणि समुद्रात जातात त्या उघडीप पाहून, असेही ते म्हणतात. हे खरे आहे, तरी उघडीपच सर्वांत फसवी असते. पाऊस थांबतो, ऊन पडते, वारा मंदावतो आणि बाजारात मासळीचा भाव चढलेला असतो. दूर अरबी समुद्रात उठलेली लाट मात्र पुढे दोन-तीन दिवस येत राहते. गोव्यासमोर ऑक्टोबर ते मे लाटांची उंची बहुधा मीटरभराच्या आत असते, पावसाळ्यात ती तीन-चार मीटरवर सहज जाते. त्यातही अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. 2 मीटर लिहिले असेल तर दिवसात एखादी साडेतीन मीटरची लाट येणारच, असे धरून चालावे लागते. फुटणारी लाट होडीच्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांश उंचीची असली आणि होडी तिला आडवी सापडली, तर उलटण्याचा धोका खराच असतो. आठ मीटरच्या होडीसाठी हा आकडा अडीच मीटरच्या जवळ येतो.

दुसरा वाद तारखांचा. 31 जुलैला बंदी उठते, पण दर्या त्या दिवशी शांत होत नाही. 1 ऑगस्टला बरेच ट्रॉलर धक्क्यालाच राहतात. बंदी ऑगस्टात पुढे न्यावी, अशी पारंपरिक मच्छीमारांची जुनी मागणी आहे. नारळी पौर्णिमा हीच खरी तारीख, असेही आग्रहाने मांडले जाते. श्रद्धेचा मान ठेवूनही हे लक्षात घ्यायला हवे की ही पौर्णिमा 2022 मध्ये 11 ऑगस्टला आली आणि 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 30 ऑगस्टला. समुद्र यापैकी कोणत्याच पंचांगाला बांधलेला नाही. पुढच्या टोकालाही तेच. 2025 मध्ये मोसमी पाऊस 25-26 मेलाच गोव्यात पोहोचला आणि तेव्हा बंदी सुरू व्हायला जवळजवळ आठवडा बाकी होता. या लेखकाचे मत असे की बंदी मासळीसाठीच ठेवावी आणि तिला तसेच म्हणावे. होडीच्या लांबीनुसार बाहेर न जाण्याचा आदेश वेगळा असावा आणि तो त्या-त्या दिवसाच्या लाटेवर ठरावा.

चक्रीवादळांनी हीच उणीव पुन्हा पुन्हा उघडी पाडली. अरबी समुद्रातली वादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. नोव्हेंबर 2009 मध्ये ‘फयान’ झपाट्याने तयार झाले आणि 11 तारखेला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान धडकले. हंगाम भरात होता आणि कोकणातले अनेक मच्छीमार समुद्रात सापडले. डिसेंबर 2017 च्या सुरुवातीला ‘ओखी’ गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर होते. 3 डिसेंबरची पौर्णिमा, तिचे उधाण आणि वादळाने ढकललेली लाट एकत्र आली आणि मोरजीपासून दक्षिणेपर्यंत किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी शिरले. ऑक्टोबर 2019 मध्ये ‘क्यार’च्या वाऱ्यात नाफ्था भरलेले निर्मनुष्य जहाज वाहत येऊन दोना पावलाच्या खडकांत रुतले. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ गोव्याच्या अगदी जवळून गेले. ही चारही वादळे बंदीच्या तारखांबाहेरची. जून 2023 चे ‘बिपरजॉय’ मात्र बंदीत आले, तेव्हा बहुतेक मोठ्या बोटी धक्क्याला होत्या. बंदीचा तेवढा फायदा मान्य करायलाच हवा.

पर्यटकांच्या होड्यांचा इतिहास त्यामानाने छोटा आहे, पण प्रश्न तोच आहे. 25 डिसेंबर 2024 रोजी कळंगुटला किनाऱ्याजवळच पर्यटकांची होडी उलटून एकाचा मृत्यू झाला. वर्षातल्या सर्वांत शांत मानल्या जाणाऱ्या महिन्यांतला तो दिवस होता.

गेल्या दोन दशकांत लाटांचे अंदाज खूप सुधारले. दक्षिण महासागरात उठलेली लांब पल्ल्याची लाट हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्यावर येते आणि तेव्हा इथे वाऱ्याची झुळूकही नसते. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडच्या वायव्य वाऱ्यांची लाट गोव्यापर्यंत पोहोचते, हे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले. जुन्या तांडेलांना वाऱ्याविना येणारी ही लाट ओळखीची होती, तिचा उगम ठाऊक नव्हता. 2020 मध्ये हैदराबादच्या सरकारी सागरी माहिती संस्थेने 7 मीटरपर्यंत रुंदीच्या नौकांसाठी स्वतंत्र सल्लासेवा सुरू केली. त्यात लाटेच्या उंचीसोबत तिचा उभटपणा, दिशांचा पसारा आणि वारा अचानक वाढण्याची शक्यता धरून होडी उलटण्याचा धोका दहा दिवस आधीपर्यंत सांगितला जातो. धोका होडीच्या आकारावरून मोजण्याचा हा पहिला गंभीर सरकारी प्रयत्न. 1880 च्या बावट्यानंतर त्यासाठी 140 वर्षे जावी लागली, ही खेदाची गोष्ट आहे.

या सेवेलाही एक मर्यादा आहे. अंदाज उघड्या समुद्रातल्या चौकोनांसाठी निघतात आणि नदीमुखावरची वाळू यंदा कुठे सरकली, हे त्यात उतरत नाही. साळ नदीच्या मुखातला गाळ उपसावा, ही बेतुल-कुटबणच्या मच्छीमारांची मागणी अनेक वर्षांची आहे. शापोऱ्याच्या तोंडाशीही वाळूची तीच तक्रार आहे. बंदीच्या तारखांवर जेवढ्या बैठका होतात, तेवढ्या या मुखांची खोली दर सप्टेंबरात मोजून धक्क्यावर लावण्यासाठी झाल्या, तर या भागातल्या होडीवाल्यांना त्याचा उपयोग पहिल्याच फेरीला होईल.