ग्रीक शिकून आलेली पोर आणि आजीची पत्रिका

माझ्या आतेबहिणीची मुलगी अमळनेरची. दहावीला तिनं शंभर मार्कांचं संपूर्ण संस्कृत घेतलं होतं. आवडीपेक्षा मार्क मिळतात म्हणून, आपल्याकडे बहुतेक पोरं घेतात तसंच. दहावीनंतर रोटरीच्या विद्यार्थी अदलाबदलीत ती वर्षभरासाठी इटलीला गेली आणि तिथं तिच्या वाट्याला शाळा आली ती ‘लिचेओ क्लासिको’, म्हणजे लॅटिन-ग्रीक शिकवणारी तिथली पाच वर्षांची शाळा. वयानं ती वरच्या वर्गात, पण ग्रीकच्या तासाला मात्र पहिल्या वर्षाच्या चौदा वर्षांच्या पोरांत. आठवड्याला चार तास प्राचीन ग्रीक. व्हिडिओ कॉलवर तिनं आजीला आल्फा-बीटा लिहून दाखवलं, तेव्हा आजी म्हणाली, “हाई काय शिकी ऱ्हायनी व माय?”

आजीच्या बोलण्यात कौतुकापेक्षा काळजी जास्त होती. वर्ष परदेशात घालवायचं तर निदान पोटापाण्याची भाषा शिकावी. ज्या रूपात आज कुणीच बोलत नाही अशी भाषा, तीही इटालियन माध्यमातून, सोळाव्या वर्षी कशाला? नात्यागोत्यात हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की म्हटलं, यामागचा इतिहास एकदा लिहूनच काढावा.

इटलीत ग्रीक आहे म्हणजे ते तिथं पहिल्यापासून टिकून राहिलं असं नाही. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळल्यावर पश्चिम युरोप ग्रीक जवळजवळ विसरला होता. १३९७ मध्ये मानुएल ख्रिसोलोरास हा बायझंटाईन पंडित कॉन्स्टँटिनोपलहून फ्लोरेन्सला शिकवायला आला, तिथून गाडी पुन्हा रुळावर आली. त्याचं व्याकरण प्रश्नोत्तरांच्या रूपात होतं, म्हणजे थेट पाठांतराची सोय. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर आणखी पंडित पोथ्या घेऊन पश्चिमेकडे सरकले, आणि शतक संपायच्या आत व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यातून ग्रीक ग्रंथ बाहेर पडू लागले.

पण पंडितांचं ग्रीक वेगळं आणि शाळकरी पोरांवर बंधनकारक केलेलं ग्रीक वेगळं. ते दुसरं सरकारी कायद्यांनी आलं. १८५९ च्या कासाती कायद्यानं पाच वर्षांचं ‘जिन्नासिओ’ आणि त्यावर तीन वर्षांचं ‘लिचेओ’ अशी रचना केली. १९२३ मध्ये मुसोलिनीचा शिक्षणमंत्री, तत्त्वज्ञ जोवान्नी जेंतिले, यानं लिचेओ क्लासिकोला साऱ्या शिक्षणाच्या शिखरावर बसवलं. १९४० मध्ये जिन्नासिओची खालची तीन वर्षं कापून माध्यमिक शाळेत घातली गेली, त्यामुळे उरलेल्या वर्षांना चौथी आणि पाचवी असंच म्हणत राहिले. आमच्या पोरीला पहिले दोन आठवडे हा घोळ कळलाच नाही: पहिल्या वर्षाचा वर्ग, आणि सगळे त्याला ‘चौथी’ म्हणतात. २०१० नंतर कागदोपत्री ही नावं गेली, तोंडातून गेलेली नाहीत.

या शाळेचा रुबाब कशावर उभा होता, हे मात्र सांगायला हवं. १९६९ पर्यंत इटलीत विद्यापीठाच्या सगळ्या शाखांची दारं फक्त लिचेओ क्लासिको केलेल्यांना उघडी होती. डॉक्टर व्हायचं असो की वकील, ग्रीकच्या उंबऱ्यावरून जायचं. त्या वर्षी दारं सगळ्यांना उघडली, आणि आज नव्यानं प्रवेश घेणाऱ्या शंभरातली जेमतेम पाच-सहा मुलं या शाळेत जातात. माझं मत विचाराल तर युरोपात ग्रीक शाळांमध्ये इतकं टिकलं त्यात होमरच्या प्रेमाचा वाटा थोडा आणि द्वारपालाच्या काठीचा मोठा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजनं प्रवेशासाठी ग्रीकची सक्ती उठवली तीही पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० च्या सुमारास.

ती काठी आपल्याही पाठीवर बसलेली आहे. आयसीएसच्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या बड्या सरकारी नोकरीच्या, १८५५ च्या पहिल्या खुल्या परीक्षेत ग्रीकला ७५० गुण होते, लॅटिनला ७५०, आणि संस्कृतला ३७५. परीक्षा लंडनला. म्हणजे हिंदुस्थानावर राज्य करायला ज्या भाषा याव्या लागत त्यांत हिंदुस्थानची भाषा निम्म्या भावानं. मग ज्या बापांना आपला मुलगा साहेब व्हावा असं वाटे, त्यांनी मुलांना लहानपणीच विलायतेला धाडलं. अरविंद घोष त्यांतलेच. १८७९ मध्ये सातव्या वर्षी ते इंग्लंडला गेले, १८८४ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत दाखल झाले, तिथून केंब्रिज. १८९० च्या आयसीएस परीक्षेत ग्रीक-लॅटिनमध्ये ते अव्वल होते. पुढं घोडेस्वारीच्या परीक्षेला हजर राहिले नाहीत आणि नोकरी हुकली. १८९३ मध्ये ते बडोद्याला आले, सयाजीरावांच्या चाकरीत. सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, आणि बडोदा नंदुरबारहून पाहिलं तर पुण्यापेक्षा जवळ. परदेशी शाळेत ग्रीक शिकलेला भारतीय विद्यार्थी हे चित्र आपल्याला जितकं नवं वाटतं, तितकं नाही.

खुद्द खान्देशातही ग्रीकांचा विचार पोचला, भाषा पोचली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तरुणपणी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चं मराठी भाषांतर केलं होतं, १९२६ च्या अखेरीस त्यांचं निधन धुळ्यात झालं आणि त्यांच्या दप्तरासाठी तिथंच संशोधन मंडळ उभं राहिलं. आमच्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. म्हणजे ज्या गावातून ही पोर निघाली तिथं तत्त्वज्ञानाचं नाव नवं नव्हतं. पण मराठी वाचकाच्या हाती ग्रीक ग्रंथ आले ते बहुतेक वेळा इंग्रजीच्या ओंजळीतून.

इथवरचा इतिहास सांगितला की लोक मान डोलावतात. खरी गंमत त्याच्या पाठीमागं आहे, आणि ती सांगताना मी जरा लांबण लावणार.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं हिंदी महासागराच्या बंदरांची वाटाड्याची वही लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते; लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही. त्यात भडोच, म्हणजे ‘बारिगाझा’, हे मोठं बंदर. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून कापड बैलगाड्यांवर लादून, आडरानातून, भडोचला येतं असं तो लिहितो. नकाशा काढून बघा: भडोच तापीच्या उत्तरेला, पैठण दक्षिणेला. तापी उतरल्याशिवाय आणि डोंगररांगेतला एखादा घाट चढल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही. तो मुलूख म्हणजे आपलाच. भडोचात मिनांडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची, ग्रीक अक्षरं असलेली जुनी नाणी अजून चालतात, असंही त्यानं नोंदवलं आहे. आणि एक वाक्य तर मला फार आवडतं: या प्रदेशाला ‘दखिनाबादेस’ म्हणतात, कारण इथल्या लोकांच्या भाषेत ‘दखनोस’ म्हणजे दक्षिण. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याकडच्या माणसाला विचारलं असणार, बाबा रे, दक्खिन म्हणजे काय? आणि उत्तर ग्रीक विभक्ती लावून टिपून ठेवलं.

माणसं आली तसे शब्दही आले. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या ‘योनका’नं दान देऊन लेणं कोरवल्याचा लेख आहे. यवन किंवा योन म्हणजे मुळात आयोनियातला ग्रीक. मराठी बखरींत तो शब्द मुसलमानांना लागला ती फार पुढची गोष्ट. पण सगळ्यांत खोल रुजले ते ज्योतिषातले शब्द. ‘होरा’ ग्रीक. ‘जामित्र’ म्हणजे पत्रिकेतलं सातवं, लग्नाचं घर. मूळ ‘दियामेत्रोस’, व्यास, कारण ते पहिल्या घराच्या बरोबर समोर येतं. ‘केंद्र’ म्हणजे ‘केन्त्रोन’, टोचणारं टोक, कंपासचं रुतणारं टोक. वराहमिहिरानं तर उघड म्हटलं की यवन म्लेंच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट आहे म्हणून त्यांचा ऋषींसारखा मान होतो.

आता चाळीसगावजवळचं पाटण आठवा. पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. १२०७ च्या सुमाराचा तो लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं, आणि देणग्यांचा तपशील चक्क जुन्या मराठीत. त्या मठात ‘सिद्धांतशिरोमणि’ घोकणाऱ्या पोरांच्या तोंडी ग्रहगणितातलं ‘केंद्र’ रोज येत असणार. खान्देशातली पोरं ग्रीक शब्द पाठ करत होती, फ्लोरेन्सला ख्रिसोलोरास यायच्या एकशेनव्वद वर्षं आधी. ते ग्रीक आहेत हे बहुधा त्यांना ठाऊक नव्हतं, आणि दहावीच्या हॉल तिकिटावर ‘परीक्षा केंद्र’ वाचणाऱ्या आमच्या पोरीलाही नव्हतं.

संस्कृतचा मात्र तिला तिकडं रोख फायदा झाला. इटालियन पोरं द्विवचन बघून डोळे विस्फारायची. हिला ते जुनं ओळखीचं. आपल्यासाठी केलेल्या क्रियेचं वेगळं रूप असतं म्हटल्यावर हिला आत्मनेपद आठवलं. भूतकाळात धातूच्या आधी ‘ए’ लागतो, तो आपला ‘अ’: ‘अभरम्’ आणि ‘एफेरोन’. ‘ददामि’ला ‘दिदोमि’, ‘दधामि’ला ‘तिथेमि’. या साम्यावर विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं १७८६ मध्ये कलकत्त्यात बोट ठेवलं आणि त्यातून एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. उच्चाराचंही तेच. प्राचीन ग्रीकमध्ये फ, थ, ख हे खरोखरचे महाप्राण होते. १५२८ मध्ये इरॅस्मस या डच पंडितानं जुना उच्चार शोधायचा प्रयत्न केला, तर १५४२ मध्ये केंब्रिजच्या कुलपतीनं नवा उच्चार करणाऱ्यांना शिक्षेची तंबी दिली, इतकं ते प्रकरण पेटलं. युरोपातली पोरं आजही यातल्या ‘फ’ला इंग्रजी एफसारखं ओठ-दातांत घुसळतात. ही ‘फणस’मधला फ म्हणाली आणि बाईंनी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

अडली ती दुसरीकडंच. नामाआधी लागणारं उपपद संस्कृतात नाही, ते ती सारखी विसरे. शब्दकोश जाडजूड ‘रोच्ची’, १९३९ पासून चालत आलेला, ग्रीक-इटालियन. म्हणजे ग्रीक शब्दाचा अर्थ लावायचा तर आधी इटालियन शब्दाचा अर्थ मोबाईलवर शोधायचा. ‘वेर्सिओने’ म्हणजे उताऱ्याचं भाषांतर, त्यात झेनोफोन या प्राचीन ग्रीक लेखकाच्या दहा ओळींना वर्गातल्या पोरांना लागे त्याच्या दुप्पट वेळ.

परत आल्यावर वर्ष जुळवायचं काम ठरलेलंच. ती अकरावीला बसली, जुन्या मैत्रिणी बारावीत. जून-जुलै नुसता दाखल्यांच्या मागं गेला. ग्रीक इथं शिकवणारं कुणी नाही, वही कपाटात आहे.

दिवाळीत आजीनं तिची पत्रिका काढली. “केंद्रात गुरू से,” आजी समाधानानं म्हणाली. पोरीनं वहीचं मागचं पान उघडलं, त्यावर ‘केन्त्रोन’ लिहिलं आणि आजीला दाखवलं. आजीनं चष्मा लावून ती अक्षरं बराच वेळ पाहिली, मग विचारलं, “आनि होरा?”