कावळा, फांदी आणि पावणेसात बिट

परवा दुपारी ऑनलाइन एक वस्तू मागवली, पैसे भरले आणि अर्धा तास झाला नसेल तोच मेल येऊन पडला. तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्यामुळे अडकलंय, खालच्या लिंकवर जाऊन थोडं शुल्क भरा. माझं बोट लिंकपर्यंत गेलं होतं, कबूल करतो. मग पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला तर कुठलीही अक्षरं कशीही जोडलेली. मित्राला सांगितलं तर तो लगेच, "अरे फोन ऐकतो आपला, सगळं कळतं त्यांना." हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की यावेळी ठरवलं, मोजूनच बघू.

आधी स्पॅमचा फोल्डर उघडला. जीमेल तिथले मेल ३० दिवस ठेवतं. इनबॉक्समध्ये घुसलेला हा एक धरून अडकलेल्या पार्सलचे एकूण ९ मेल निघाले! बाकीचे ८ आले तेव्हा मी कशाचीच वाट बघत नव्हतो, त्यामुळे ते आले कधी आणि स्पॅममध्ये गेले कधी, पत्ताच नाही. फसवणारा नेम धरून बसलेला नव्हता, तो लाखो लोकांवर सारखे दगड मारत होता आणि त्यातला एक दगड पडला तेव्हा मी नेमका खाली उभा होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. फक्त इथे कावळे लाखो आहेत आणि न मोडलेल्या फांद्या कोणी मोजत नाही.

आता हिशोब. मी वर्षात साधारण २० वेळा काहीतरी मागवतो. प्रत्येक ऑर्डरनंतरचा पहिला तास "धोक्याचा" धरला तर वर्षाच्या ८७६० तासांपैकी २० तास, म्हणजे ४३८ तासांत एक. एखादा मेल त्या तासात पडण्याची शक्यता अगदीच किरकोळ वाटते ना? पण महिन्याला ९ म्हणजे वर्षाला १०८ मेल. एकही मेल त्या तासांत न पडण्याची शक्यता काढायची तर ४३७/४३८ चा १०८वा घात घ्यायचा, तो येतो ०.७८. म्हणजे एकदा तरी नेम लागण्याची शक्यता २२ टक्के. पाच जणांत एकाला दरवर्षी असा चमत्कार अनुभवायला मिळणार, आणि गोष्ट सांगणार तो एकटाच, उरलेले चार काय सांगणार, की आज माझ्या पार्सलबद्दल मेल आला नाही?

शिवाय थीम एकच नसते. बँकेचं केवायसी, टॅक्सचा रिफंड, नोकरीची ऑफर, संपलेलं सबस्क्रिप्शन, भरलेलं मेलबॉक्स... अशा ८ थीम धरा, प्रत्येकीची शक्यता तेवढीच धरा, तर वर्षात एक तरी "अचूक" मेल येण्याची शक्यता ८६ टक्क्यांवर जाते. (गणितवाले म्हणतील की या घटना स्वतंत्र नाहीत, सेलच्या दिवसांत ऑर्डरी पण वाढतात आणि असे मेल पण. मान्य, पण त्याने योगायोग वाढतोच.) आणि सगळं जग एकाच गोष्टीच्या चिंतेत असेल तेव्हा तर नेम धरायची गरजच नाही. एप्रिल २०२० मध्ये गुगलने सांगितलं होतं की कोविडच्या नावाने फसवणारे किंवा व्हायरस पसरवणारे १ कोटी ८० लाख मेल ते रोज अडवतायत.

इथून पुढे माझा आवडता भाग, लॉगॅरिदम बघून ज्यांना घाम फुटतो त्यांनी दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल. मेलला आपल्याबद्दल खरंच काही माहीत आहे का, हे मोजता येतं, बिटमध्ये. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजायचं गणित मांडलं, त्यातलं हे एकक. हो किंवा नाही असं उत्तर असलेला एक प्रश्न, ज्याने उरलेल्या शक्यता निम्म्या होतात, तो एक बिट. २ चा ३३वा घात साधारण ८५९ कोटी होतो, म्हणजे जगातल्या ८०० कोटींतून नेमका एक माणूस शोधायला ३३ बिट पुरतात. नुसत्या वाढदिवसाच्या तारखेत साडेआठ बिट असतात. "प्रिय अमुक" असं नाव घालून आलेल्या मेलमध्ये मात्र बऱ्याचदा शून्य, कारण नाव ईमेलच्या पत्त्यातूनच उचललेलं असतं.

तर माझ्या मेलने जे "ओळखलं" ते ४३८ तासांत एकदा खरं ठरणारं, म्हणजे पावणेनऊ बिट (४३८ ला साधारण पावणेनऊ वेळा निम्मं केलं की १ उरतो). वर्षात १०८ वेळा प्रयत्न झाले, त्याचे पावणेसात बिट फुकटात मिळाले. फरक २ बिट, म्हणजे चारात एक, मगाचच्या २२ टक्क्यांच्या आसपासच. योगायोगाला वर्षाकाठी पावणेसात बिटांची उधारी मिळते असं म्हणा, मेलला त्याहून फार जास्त माहीत असेल तर ती माहिती कुठून तरी आलेली असणार. राशिभविष्याचं पण हेच. १२ राशी म्हणजे साडेतीन बिट, "आज पैशाची चिंता राहील" हे एका वेळी ६०-७० कोटी लोकांना सांगितलेलं असतं, त्यातल्या काही कोटींना तरी पटणारच, ग्रहांना उगाच कामाला लावायची गरज नाही.

आता उलटी बाजू. मेलमध्ये माझा १० आकडी ऑर्डर नंबर अचूक असता तर? ते ३३ बिट झाले, इथे कावळा-फांदी चालत नाही. कुणाचा तरी डेटाबेस फुटलाय, नाहीतर माझाच मेलबॉक्स. २०१८ च्या मध्यात जगभर लोकांना धमकीचे मेल आले होते, तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं शूटिंग केलंय, पैसे द्या, आणि पुरावा म्हणून त्या माणसाचा खरा पासवर्ड. लोकांची झोप उडाली. पण पासवर्ड बहुतेकदा जुने, लोकांनी कधीच बदललेले, कारण ते आले होते जुन्या फुटलेल्या याद्यांतून. लिंक्डइनची चोरी २०१२ ची, तिथले ११ कोटी ७० लाख ईमेल आणि पासवर्ड २०१६ मध्ये विकायला निघाले होते. म्हणजे बिट खरे, कॅमेऱ्याची कथा खोटी. लेजर ही क्रिप्टोचं वॉलेट विकणारी कंपनी, २०२० मध्ये तिच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले, मग नेमक्या त्याच ग्राहकांना "तुमचं वॉलेट धोक्यात आहे" असे मेल. यात फोन ऐकण्याचा संबंधच नाही, नुसती यादी.

सगळ्यात बेरकी होता इमोटेट. हा व्हायरस कॉम्प्युटरमधले जुने मेल चोरायचा आणि चालू संभाषणातच उत्तर म्हणून घुसायचा, वर ओळखीचं नाव, खाली तुमचंच जुनं वाक्य. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तो बंद पाडला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत हजर. आणि आता एआय आलंय म्हणून सगळं बदललं असं जे चाललंय त्यातलं अर्धं खरं, एआय भाषा सुधारतो, व्याकरणाच्या चुका घालवतो, पण बिट त्यालाही कुठून तरी आणावेच लागतात, चोरून किंवा आपणच सोशल मीडियावर टाकलेल्यातून उचलून.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला ठीक आहे, पण फोन ऐकतोच. पार्सल दुसऱ्या दिवशी आलं. ते अडकल्याचा मेल त्यानंतर अजून दोनदा आलाय.