कोल्हापूरच्या डोंगरउतारांवरील गवताळ जमीन : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शेतजमिनीची चर्चा बहुधा नदीकाठच्या काळ्या मळीपासून सुरू होते आणि उसापाशी संपते. शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतचे गवताळ उतार वरकस (हलकी डोंगराळ जमीन), पड किंवा गायरान म्हणून नोंदले गेले आणि तेवढ्यावरच त्यांची दखल संपली. त्यांचा वापर मात्र मुळात मातीनेच ठरवलेला आहे.

येथील मूळ खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसॉल्टचा. मसाई पठारासारख्या सपाट माथ्यांवर दीर्घकाळच्या पावसाने त्यातील चुना व मॅग्नेशियम झिरपून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली आणि जांभा तयार झाला. त्यापासून झालेली तांबडी माती आम्लधर्मी असते, ओल फार काळ धरत नाही, आणि तिला दिलेला स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमशी बांधला गेल्याने पिकाला पुरेसा मिळत नाही. उतारावर मुरमावर वीतभर मातीही मुश्किलीने टिकते, तर तीच माती वाहून पायथ्याला साचल्याने तेथे भाताची खोल जमीन तयार होते. म्हणूनच गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही उन्हाळ्यात हे उतार करपलेले असतात.

जुनी वहिवाट ही मर्यादा ओळखून होती. उतारावर नाचणी-वरीची काही पिके घ्यायची, मग जमीन गवताखाली सोडायची. गवळी धनगरांच्या म्हशी चरायच्या आणि पावसाळा सरल्यावर राखलेले गवत कापून गंजी रचली जायची. नव्या फुटव्यासाठी लावल्या जाणाऱ्या वणव्याचे समर्थन मात्र करता येत नाही, कारण उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या सरीतच ओढ्याला लागते.

पुढे हा क्रम तुटत गेला. संस्थानकाळी शिकारीसाठी राखलेल्या दाजीपूरच्या जंगलाला 1958 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, 1985 मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार झाला, आणि तेथील सड्यांवरचे, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवरचे, गवत गव्यांचे चराऊ क्षेत्र म्हणून राहिले. अभयारण्याबाहेर आजरा-चंदगडच्या उतारांवर काजू आला, जो या हलक्या मातीला तुलनेने मानवतो. उपसा सिंचनाच्या पाण्यावर चढलेल्या उसाबद्दल तसे म्हणता येत नाही. शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगड तालुक्यांतील माथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी सुरू झाल्या. ज्या ॲल्युमिनियममुळे ही जमीन शेतीला निकस ठरली, त्याच्यासाठीच आता तिचा माथा खणला जातो, आणि वरचा गवताचा थर त्यात सर्वांत आधी जातो.