हिशेबाची वही आणि ध्यानाची बैठक

देवगिरीच्या किल्ल्यावर मध्यरात्र उलटून गेलेली. समईच्या उजेडात एक तरुण हिशेबाच्या चोपड्या उलटसुलट करत बसलेला. जमाखर्चात एक पै जुळत नाही. पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज, पुन्हा तीच एक पै कमी. पहाटे कधीतरी चूक सापडते आणि तो आनंदानं टाळी वाजवतो. आवाजानं किल्लेदार उठून येतात, कारण विचारतात आणि हसून म्हणतात, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद. संसाराची एवढी मोठी चूक सापडली तर केवढा होईल!

तरुण म्हणजे एकनाथ, किल्लेदार म्हणजे त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. गोष्ट आख्यायिका म्हणूनच घ्यायची. पण ध्यानाबद्दल मराठीत जे काही सांगितलं गेलं, त्याचा बराचसा भाग या एका प्रसंगात आहे. गुरू सरकारी नोकरीत आहे, शिष्य त्याच्या हाताखाली कारकुनी करतो, आणि पहिला धडा वहीतून मिळतो. चित्त एकाग्र कसं करायचं हे त्या रात्री कुणी शिकवलं नाही. ते आधीच झालेलं होतं. कशावर, एवढंच दाखवायचं राहिलं होतं.

आज कुणाही अध्यात्मिक मार्गदर्शकापुढे बसलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. मन लागत नाही. वेळ मिळत नाही. घरचे हसतात. श्रद्धा ठेवावी म्हणतात, पण ती बसत नाही. हे आजच्या धावपळीचे प्रश्न आहेत असं आपण धरून चालतो, पण मराठीत ते सातशे वर्षं जुने आहेत.

ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात नाथपंथाचा योग आहे. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी गुरूच्या कानातून शिष्याच्या कानात आलेली ही विद्या, ‘पंथराज’. ज्ञानदेवांनी ती देशी भाषेत, सभेपुढे उघड केली. बैठकीची जागा कशी असावी इथपासून सुरुवात होते. माणूस सहज विसाव्याला टेकला तरी तिथून उठू नये अशी ती जागा. झाडं मुळासकट गोड आणि सदा फळलेली. मग आसन: खाली कोवळे दर्भ, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी, वर मृगाजिन, म्हणजे हरणाचं कातडं. पुढे कुंडलिनीचं जे वर्णन येतं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. तरी खरं सांगायचं तर, चार माणसांच्या घरात अशी जागा कुणाला मिळणार? अर्जुनही त्याच अध्यायात कुरकुरतो. मन वाऱ्यासारखं आहे, धरायचं कसं? गीतेचं उत्तर दोनच शब्दांचं, अभ्यास आणि वैराग्य.

त्याच ज्ञानदेवांच्या नावावरचा हरिपाठ मात्र वेगळ्याच माणसाशी बोलतो. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’. मृगाजिन नाही, एकांत नाही, क्षणभर दारात उभं राहायचं. लगेच पुढे ‘असोनि संसारीं जिव्हे वेगु करी’. संसारात असूनच जीभ चालू दे. माझ्या मते मराठी साधनेतलं मोठं वळण इथे आहे. योग्याची बैठक आणि गृहस्थाचा क्षण हे दोन्ही एकाच परंपरेनं सांगितले, आणि पुढच्या शतकांत लोकांनी मुख्यतः क्षण उचलला. वारकऱ्यांच्या घरांतून हरिपाठ रोज म्हटला जाऊ लागला.

जनाबाईंना तर तो क्षणसुद्धा वेगळा काढायचा नव्हता. ‘दळितां कांडितां तुज गाईन अनंता’. नामदेवांच्या घरची ही दासी; जात्याचा खुंटा सोडला तर पीठ पडायचं थांबतं. जात्याला एक लय असते. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं मूठभर दाणे घालायचे, आणि ओवीची ओळ फेऱ्याबरोबर संपते. श्वास आपोआप त्या लयीत येतो. श्वासावर लक्ष ठेवायला आज घंटा वाजवून बसवतात. तिथे दगड ते काम करत होता.

एकनाथ (१५३३–१५९९) पैठणला परतून गृहस्थच राहिले. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. पै शोधणारा माणूस इथेही दिसतो. श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढल्याची त्यांची कथा सगळ्यांना माहीत आहे. तिच्याकडे समाजसुधारणेची कथा म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण सर्वांभूती एकच आहे असं ध्यानात कळलं म्हणणाऱ्याची परीक्षा स्वयंपाकघरातच व्हायची, हेही ती सांगते.

तुकोबांच्या घरी वाण्याचा धंदा आणि महाजनकी. १६३० च्या आसपासच्या दुष्काळानं घर मोडलं, पहिली बायको अन्नावाचून गेली. नंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, असं चरित्रात सांगतात. विरक्तीच्या भरातही वाटणी चोख केली, हे मला त्यातलं सगळ्यात खरं वाटतं. त्यांचा मंत्र साधा, ‘राम कृष्ण हरि’, तोही स्वप्नात मिळालेला. आणि प्रपंचाबद्दलचा सल्ला असा: ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’. कमवा, पण सचोटीनं. खर्च करा, पण चिकटून राहू नका.

श्रद्धेच्या बाबतीत मात्र ते कुणाची गय करत नाहीत. ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं नवसाला असं उघड हसावं आणि त्याचेच अभंग देवळात गावेत, हे मराठी श्रद्धेचं खास रूप आहे. विठ्ठलावर जीव टाकायचा आणि नवसावर टाकायचा नाही.

समर्थांच्या बाबतीत एक गंमत कायम मनात येते. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून जो पळाला, त्यानंच लिहिलं, ‘आधी प्रपंच करावा नेटका’. दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या पहिल्याच समासात ते आहे. त्याच समासात पुढे प्रपंच सोडून परमार्थ करणाऱ्याला खायला अन्न मिळणार नाही, मग त्या करंट्याला परमार्थ कुठला, असा फटकाही आहे. वीस दशकं, दोनशे समास, आणि त्यात राजकारणापासून अक्षर कसं काढावं इथपर्यंत सगळं. गुरूंच्या बाजारावरही पाचव्या दशकात ओवी आहे. जे शिष्याला साधन लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, ‘ऐसे गुरु अडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे’. अडका म्हणजे अगदी हलकं नाणं. त्या भावात तीन.

हा ‘नेटका प्रपंच’ सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नव्हता, हे सांगायलाच हवं. शिऊरच्या बहिणाबाई (१६२८–१७००) तुकोबांना गुरू मानू लागल्या तेव्हा नवऱ्यानं मारहाण केली. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करावा हे त्याला सहन होईना. त्यांनी हे सगळं स्वतःच अभंगांत लिहून ठेवलं आहे. घरात राहून साधना करा, हा सल्ला बाईला मिळतो तेव्हा ते घर कसलं आहे हे सल्ला देणाऱ्यानं बहुतेक वेळा विचारलेलंच नसतं.

नाशिकजवळ टाकळीला रामदासांनी बारा वर्षांत तेरा कोटी जप केला असं संप्रदाय मानतो. मंत्र तेरा अक्षरी, ‘श्रीराम जय राम जय जय राम’, म्हणून तेरा कोटी. हिशेब करून पाहिला तर रोजचा जप साडेएकोणतीस हजारांवर जातो, १०८ मण्यांच्या माळेनं सुमारे पावणेतीनशे माळा. एका जपाला दोन सेकंद धरले तरी सोळा तासांहून जास्त. आकडा खरा की खोटा या वादात मी पडत नाही. पण या तेरा कोटीनं पुढच्या पिढ्यांच्या हातात आणखी एक वही दिली. माळ अंगठा आणि मधल्या बोटानं ओढायची, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, आणि दिवसाअखेर संख्या टिपून ठेवायची. माझ्या आजीच्या उशाशी अशी एक वही असे. किराण्याच्या यादीच्याच वहीत मागच्या बाजूनं जप लिहिलेला. कधीकधी दोन्ही याद्या मधल्या पानावर भेटत.

हाच मंत्र विसाव्या शतकातल्या शहरी मराठी घरांत पोचला तो साताऱ्याकडच्या गोंदवल्यातून. ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) गावच्या कुलकर्ण्याच्या घरात जन्मले, म्हणजे पुन्हा दप्तर आलंच. लहानपणीच गुरू शोधायला घर सोडलं. येहेळगावच्या तुकामाईंनी अनुग्रह दिला आणि परत पाठवलं ते प्रापंचिकांना रामनामाला लावायला. स्वतःही संसारात राहिले. पहिली पत्नी गेल्यावर आटपाडीच्या एका अंध मुलीशी लग्न केलं. १८७६ च्या दुष्काळात आपल्या शेतांवर कामं काढून लोकांना जेवू घातलं, असं चरित्र सांगतं.

आज घरोघरी दिसतं ते त्यांच्या प्रवचनांचं तारीखवार पुस्तक. महाराजांनी ते लिहिलेलं नाही, संकलन गो. सी. गोखले यांचं. रोज एक पान, आणि त्या पानावर नोकरी, मुलं, आजारपण, पैसा, काळजी. कुंडलिनीचं नाव क्वचित. एखादं पान दुसऱ्यासारखंच वाटतं, आणि साहित्य म्हणून पाहिलं तर ती पुनरुक्ती खटकते. पण रोजच्या औषधात नावीन्य कोण शोधतो? सकाळी आंघोळीनंतर उभ्या उभ्या वाचून होईल एवढंच ते लांब आहे, आणि त्याच्या खपाचं निम्मं कारण तेच असावं.

अध्यात्मिक सल्ला कुणीतरी टिपून घेतो आणि म्हणून तो उरतो, ही आपल्याकडची जुनीच रीत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी ध्यानाला तीन गोष्टी सांगितल्या: चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता, समदृष्टी. मधली फारशी कुणी सांगत नाही. खाणं, बोलणं, झोप, सगळं मापात असल्याशिवाय डोळे मिटून काही हाती लागत नाही. तुरुंगात परिमितता सक्तीची होती, हा भाग निराळा.

त्याच काळात येरवड्यात असलेले एक सत्याग्रही पुढे पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) झाले. १९३४ च्या मोठ्या आजारपणानंतर ते पावसला देसायांच्या घरी एका खोलीत जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. साधना नाथपंथाची, सोऽहम्: श्वास आत जाताना ‘सो’, बाहेर येताना ‘हं’. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला पंथराज साडेसहाशे वर्षांनी पोस्टाच्या पाकिटातून निघू लागला. दूरच्या साधकांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांचा संग्रह छापलेला आहे. पत्रात सल्ला एका माणसाला असतो, त्याच्या प्रकृतीला आणि अडचणीला धरून. सभेतल्या उपदेशात ते येत नाही.

इगतपुरीचा उल्लेख टाळून चालणार नाही, जरी ती वाट वारकरी नाही. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातले व्यापारी, अर्धशिशीनं बेजार. १९५५ साली ते रंगूनच्या ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी हे ध्यानकेंद्र सुरू झालं. दहा दिवस मौन, मंत्र नाही, माळ नाही, श्वास आणि अंगावरच्या संवेदना. त्यांचे हे गुरू ऊ बा खिन कोण होते? ब्रह्मदेशाचे महालेखापाल. कचेरीतल्या माणसांना कचेरीतच ध्यान शिकवत. जनार्दनस्वामींना ते शेजारी वाटले असते.

तिकडे गिरगावाजवळच्या खेतवाडीत बिड्यांचं दुकान चालवणारे मारुती कांबळी १९३३ साली सिद्धरामेश्वर महाराजांना भेटले. सिद्धरामेश्वर इंचगिरी परंपरेतले. त्यांचा भर विहंगम मार्गावर: मुंगीच्या चालीनं झाड चढण्यापेक्षा पक्ष्यासारखं एकदम फळावर बसायचं. कांबळींना एकच सांगणं होतं, ‘मी आहे’ या जाणिवेवर राहा. ते निसर्गदत्त महाराज झाले, दुकान चालूच राहिलं. १९७३ नंतर त्यांचे संवाद इंग्रजीत छापून आले आणि परदेशी माणसं खेतवाडीची गल्ली शोधत येऊ लागली. घरातल्या माळ्यावर बैठक. महाराज बिडी ओढत मराठीत बोलत, जवळ बसलेला दुभाषी भाषांतर करी, आणि प्रश्न विचारणारा आधी महाराजांच्या तोंडाकडे, मग दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत राही. १९८१ साली ते गेले तोवर हे रोज चालू होतं.